टोबीनच्या गावात: डब्लिन, एनिसकॉर्थी आणि वेक्सफर्डचा किनारा

आयर्लंडला जाऊन आलो म्हटल्यावर सगळे पहिला प्रश्न विचारतात, तिथले ते प्रसिद्ध समुद्रकडे, क्लिफ्स ऑफ मोहर, बघितले का. नाही बघितले. मी आणि आई देशाच्या पार आग्नेय कोपऱ्यात, वेक्सफर्ड काउंटीत होतो, एनिसकॉर्थी नावाच्या बारा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावात. कारण लेखक कॉलम टोबीन १९५५ साली तिथे जन्मला, आणि त्याच्या 'ब्रुकलिन', 'नोरा वेबस्टर', 'लाँग आयलंड' या माझ्या अतिशय लाडक्या कादंबऱ्या त्याच गावातल्या गल्ल्यांत घडतात. गावातली मुलगी अमेरिकेला जाते, एवढीच 'ब्रुकलिन'ची गोष्ट, पण मी ती इतक्यांदा वाचली आहे की त्या गल्ल्या डोळ्यांनी बघायच्याच होत्या. भाऊ डब्लिनला नोकरीला आहे, आई त्याच्याकडे जाणारच होती, मी तिच्यासोबत गेले आणि हा कार्यक्रम जोडून घेतला.

व्हिसाचं आधीच सांगून टाकते. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा असला तरी आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. बाकी तिकिटं बिकिटं सगळं नेटवरून सुरळीत झालं.

शुक्रवार, डब्लिन

पहिल्या दिवशी लिफी नदीच्या काठी कस्टम हाऊस की नावाच्या धक्क्यावर गेलो. तिथे रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने केलेले दुष्काळाचे पुतळे आहेत, १९९७ सालचे. हाडांवर कपडे लोंबतायत अशी माणसं छातीशी गाठोडी धरून बंदराच्या दिशेनं चाललीयत, एकाच्या खांद्यावर मूल आहे, आणि मागून एक कुत्रा येतोय. पुतळ्यांना चौथरा नाही, माणसं सरळ फुटपाथवरच उभी आहेत, त्यामुळे आपण त्यांच्यातूनच चालत जातो. ऑफिसला निघालेली मंडळी कानात इअरफोन घालून त्यांच्या मधून जात होती. आई त्या मूल घेतलेल्या माणसासमोर बराच वेळ उभी राहिली, बोलली काहीच नाही.

१८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि सलग काही वर्षं पीक गेलं. गरीब शेतकरी फक्त बटाट्यावर जगत होते, आणि तेव्हाच धान्य आणि जनावरं मात्र जहाजातून इंग्लंडला जात होती. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ साली बेटाची लोकसंख्या ८२ लाखांच्या जवळपास होती, ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. आणि ती गळती दुष्काळ संपल्यावर थांबली नाही, पुढे शंभर वर्षं चालूच राहिली. हे डोक्यात ठेवलं की टोबीनची पुस्तकं वेगळी वाचता येतात.

तिथून दोन मिनिटांवर जुन्या गोदामात एपिक म्हणून स्थलांतराचं म्युझियम आहे. हातात एक खोटा पासपोर्ट देतात आणि प्रत्येक दालनात त्यावर शिक्का मारायचा असतो. आईनं एकही शिक्का सोडला नाही. सलग बघितलं तर दोन अडीच तास जातात, म्हातारी माणसं सोबत असतील तर सकाळी लवकर जा, दुपारी शाळेच्या सहली येतात.

शनिवार, डब्लिन ते एनिसकॉर्थी

कॉनोली स्टेशनवरून रॉसलेअरची गाडी पकडायची, एनिसकॉर्थीला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. टीप: जाताना डावीकडच्या खिडकीत बसा, काहीही झालं तरी. डब्लिन सोडल्यावर रूळ समुद्राला चिकटून जातात, किलायनीचा उपसागर येतो, ब्रेच्या पुढे तर डोंगर कापून बोगद्यांतून गाडी जाते आणि खाली थेट लाटा. विकलोनंतर गाडी आत वळते, झाडी सुरू होते, मग स्लेनी नदी सोबतीला येते. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं.

समोर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर बेकरीचा खोका. कुठून आलात, कुठे चाललात, कोणाकडे उतरणार, सगळं विचारून घेतलं. टोबीनचं गाव बघायला आलोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, त्याच्या वडिलांनी आमच्या भावाला शिकवलंय. गावात पाऊल ठेवायच्या आधी ही पहिली ओळख! वडील मायकल टोबीन शाळामास्तर होते, १९६७ साली गेले, तेव्हा कॉलम बारा वर्षांचा होता.

स्टेशन नदीच्या अलीकडे, गाव पलीकडे. पूल ओलांडला की चढ सुरू होतो आणि मग सगळं गावच चढावर. बॅग ओढत नेणाऱ्यांनी टॅक्सी करावी, आम्ही केली नाही आणि आईला दोनदा थांबावं लागलं. आमचा बीअँडबी, म्हणजे राहणं आणि नाश्ता देणारं घर, कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला होता. मालकीणबाई सत्तरीच्या, पांढरेशुभ्र केस, दार उघडल्या उघडल्या चहा. आईला इंग्रजी समजतं पण बोलायला ती लाजते, आणि या बाईंचं वेक्सफर्डचं इंग्रजी मलाच अर्धं कळत होतं, तरी दोघींचं पंधरा मिनिटांत जमलं. भारतात कुठून म्हणाल्या, मी म्हटलं मुंबईच्या दक्षिणेला समुद्रकाठी, मालवण. त्यांनी टाळी वाजवली, "म्हणजे लिओच्या वडिलांकडचे!"

लिओ म्हणजे लिओ वराडकर, दोनदा आयर्लंडचा पंतप्रधान झालेला. त्याचे वडील डॉ. अशोक वराडकर, मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं घराणं. ते डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले, आणि मिरियम म्हणजे लिओची आई आयर्लंडच्या डुंगार्वनहून नर्स म्हणून इंग्लंडला गेलेली. दोघांची गाठ स्लाउ इथे पडली. म्हणजे दोन्हीकडची माणसं आपापलं गाव सोडून तिसऱ्याच देशात भेटली. २०१९ च्या डिसेंबरअखेर लिओ पंतप्रधान असताना वराडला येऊन गेला, ते आमच्याकडे सगळ्यांना आठवतं. मालकीणबाईंच्या दोन मावश्या अशाच नर्सिंगसाठी इंग्लंडला गेल्या आणि तिकडेच राहिल्या, आणि आता बाईंचा स्वतःचा मुलगा पर्थला आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला. नातवंडांचा फोटो फ्रिजवर चुंबकानं लावलेला होता.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळ, उजेड रात्री पावणेदहापर्यंत असतो जूनमध्ये, आम्ही फिरायला निघालो. आणि इथेच मला त्या पुस्तकाबद्दल जे समजलं ते घरी बसून कधीच समजलं नसतं.

'ब्रुकलिन'मधली आयलिश लेसी फ्रायरी स्ट्रीटवर राहते, आई आणि थोरल्या बहिणीसोबत. तिन्ही भाऊ कामासाठी बर्मिंगहॅमला गेलेले. हिशेबाचं काम शिकलेली हुशार मुलगी, पण १९५० च्या दशकात गावात नोकरी नाही, रविवारी मिस केलीच्या किराणा दुकानात मदतीला जायचं तेवढंच. त्या दहा वर्षांत आयर्लंडमधून चार लाखांवर माणसं निघून गेली, आणि १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आजवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आली, २८ लाख. अमेरिकेतून आलेले फादर फ्लड तिच्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नोकरी आणि खोली बघतात आणि ती जाते.

आता फ्रायरी स्ट्रीटवर उभं राहून बघा. मार्केट स्क्वेअर हाकेच्या अंतरावर. अथेनियम म्हणजे गावातला हॉल, जिथे कादंबरीतले डान्स होतात आणि गावातला तरुण जिम फॅरल आयलिशकडे बघतसुद्धा नाही, ते कॅसल स्ट्रीटवर, तेही तसंच. किल्ला त्याच्या शेजारी. कॅथेड्रल थोडं वर. अख्खी कादंबरी, म्हणजे तिचा आयर्लंडमधला भाग, दहा मिनिटांत चालून होतो, आणि प्रत्येक वळणावर वरच्या मजल्याच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. वाचताना मला नेहमी वाटायचं की ही मुलगी गप्प का राहते, तोंडानं सांगून का टाकत नाही. इथे लक्षात आलं की या गावात बोललेला शब्द पुढच्या कोपऱ्यावर तुमच्या आधी पोचतो. गप्प राहणं हीच एक खासगी खोली. टोबीनची सगळी माणसं मनातलं मनात ठेवतात ती काही लेखकाची लकब नाही, ते या रस्त्यांमुळे आहे. आणि अशा गावातली बातमी समुद्र ओलांडूनही पोचते, यावर तर पुस्तकाचा शेवट उभा आहे, तो सांगत नाही.

जेवायला चिपरमध्ये गेलो, चिप्सच्या दुकानाला इकडे चिपर म्हणतात. 'लाँग आयलंड'मध्ये आयलिशची मैत्रीण नॅन्सी मार्केट स्क्वेअरवर असंच दुकान चालवते, त्यामुळे चिप्स खायचे हे ठरलेलंच होतं. आश्चर्य होतं ते रिसोलचं. ही वेक्सफर्डची खासियत, बाकी देशात सहसा मिळत नाही. कुस्करलेला बटाटा, त्यात कांदा आणि वाळवलेला हिरवा पाला, गोल वळून पिठात बुडवून तळलेला. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "ह्यो तर वडोच गो!" मिरची नाही, लसूण नाही, पण हात लावून सांगते बटाटावडाच. वरून मीठ आणि व्हिनेगर मारतात, कागदाच्या पिशवीत देतात, आणि ती पिशवी तळाशी तेलानं पारदर्शक व्हायच्या आत संपवायची. टीप: शाकाहारी असाल तर तेल वेगळं आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी मासे त्याच कढईत तळतात.

रविवार, एनिसकॉर्थी

नाश्ता प्रचंड. अंडी, टोमॅटो, मशरूम, घरचा सोडा ब्रेड, लोणी, आणि सॉसेज, व्हाइट पुडिंग, ब्लॅक पुडिंग. नावाला पुडिंग असलं तरी गोड नसतं, ब्लॅक पुडिंगमध्ये डुकराचं रक्त असतं, नको असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. सोडा ब्रेड मात्र सोडू नका, गरम असताना.

सेंट एडन्स कॅथेड्रल पुजिन या वास्तुविशारदाच्या नकाशावर बांधलेलं, १८४३ मध्ये काम सुरू झालं. म्हणजे काम चालू असतानाच दुष्काळ पडला. आत गेल्यावर डोळे दिपतात, खांब, कमानी, भिंती सगळीकडे रंगीत नक्षी. मधल्या काळात हे सगळं झाकलं गेलं होतं, १९९४ मध्ये जुने रंग परत आणले. आम्ही मागे बसून अख्खी मास, म्हणजे रविवारची प्रार्थना, ऐकली, आणि मला मुख्य बघायचं होतं ते मास संपल्यानंतरचं. लोक बाहेर पडले आणि उतारावरून गावात पसरले, घोळक्या घोळक्यानं, कोणी कोणाची चौकशी करतंय, कोणी कोणाला टाळून रस्त्याच्या पलीकडून जातंय. पुस्तकात हीच गर्दी मिस केलीच्या दुकानात घुसते, आणि मिस केली त्यातल्या मानाच्या गिऱ्हाइकांना रांग मोडून आधी देते, ताजा पाव त्यांच्यासाठी राखून ठेवते, बाकीच्यांना शिळा. मुलगी गाव का सोडते याचं खरं उत्तर मला त्या पावाच्या प्रसंगात सापडतं. पैसा नाही हे आहेच, पण जन्मभर कोणीतरी तुमची पायरी ठरवणार, तेही आहेच.

मालकीणबाईंना विचारलं, मिस केलीचं दुकान खरं कुठलं. त्या म्हणाल्या, आमच्या आईच्या मते एक, मावशीच्या मते दुसरं, आणि दोघींना दोन्हीकडे वाईट वागणूक मिळालेली.

दुपारी किल्ला. बाहेरून लहान, चौकोनी, कोपऱ्याला गोल बुरूज. यातलं म्युझियम सुरू करण्यात टोबीनच्या वडिलांचा पुढाकार होता, गावातल्या एका फादरांसोबत. लोकांकडून जुन्या वस्तू गोळा करायच्या, चिठ्ठ्या लिहायच्या, मांडायच्या. अशा घरात वाढलेला मुलगा पुढे घरातल्या साध्या साध्या वस्तूंबद्दल इतकं बारीक लिहितो याचं मग नवल वाटत नाही. आयलीन ग्रे, फर्निचरची जगप्रसिद्ध डिझायनर, तीही याच गावच्या जवळ जन्मली १८७८ मध्ये, तिच्यावरही इथे एक भाग आहे. तीही पॅरिसला गेली आणि तिकडचीच झाली.

टोबीनचे आजोबा ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात होते. डब्लिनबाहेर जिथे उठाव खरोखर झाला अशा मोजक्या ठिकाणांत एनिसकॉर्थी येतं. बंडखोरांनी अथेनियममध्ये ठाणं केलं, झेंडा लावला, आणि डब्लिन पडल्याची बातमी आली तरी विश्वास ठेवेनात, शेवटी दोघं जण तुरुंगात जाऊन उठावाचा नेता पिअर्स याला भेटून खात्री करून आले तेव्हा शरण गेले. आजोबांची रवानगी वेल्समधल्या फ्राँगॉक्च्या छावणीत झाली. म्हणजे ज्या इमारतीत उठाव झाला तिथेच पुढे तरुण मुलंमुली नाचायला जायची. दोन्ही गोष्टी त्या घराण्याच्या आठवणीत एकाच छपराखाली.

संध्याकाळी व्हिनेगर हिल. नदीच्या पलीकडची टेकडी, वर पडक्या पवनचक्कीचा दगडी बुंधा. २१ जून १७९८ ला इथे बंडखोरांची मोठी लढाई झाली, भाले घेतलेले शेतकरी एकीकडे आणि ब्रिटिश तोफा दुसरीकडे, टेकडीवर बायकामुलंही होती. गावातून कुठूनही ही टेकडी दिसते. वारा इतका होता की आईनं शाल डोक्यावरून घट्ट बांधून घेतली. वरून सगळं गाव, कॅथेड्रलचा मनोरा, स्लेनी वळसा घेऊन वेक्सफर्डकडे जाताना, असं एका नजरेत येतं. गाडी पार वरपर्यंत जाते, चालत गेलात तर पाऊण तास धरा आणि चांगले बूट घाला, गवत ओलं असतं.

सोमवार, ब्लॅकवॉटर, कुश, कराक्लो

जूनच्या पहिल्या सोमवारी इकडे बँक हॉलिडे असतो, म्हणून भाऊ डब्लिनहून गाडी घेऊन आला. किनाऱ्यावर बसनं जाण्याच्या भानगडीत पडू नका, फेऱ्या फार कमी. आणि या वीकेंडला राहण्याचे दर चढे असतात, आधी बुकिंग करा.

वेक्सफर्डला 'सनी साउथ ईस्ट' म्हणतात आणि त्या दिवशी खरंच लख्ख ऊन होतं. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या लहान टपऱ्या, स्ट्रॉबेरी आणि नवे बटाटे. कॉलेजची पोरं विकायला बसलेली. स्ट्रॉबेरी लहान, आतपर्यंत लाल, गाडीत वास भरून राहिला. एक खोका ब्लॅकवॉटर यायच्या आत संपला, दुसरा घ्यावा लागला.

ब्लॅकवॉटर हे खेडं आणि त्याच्या पुढचा कुशचा किनारा हा टोबीनच्या बालपणीच्या उन्हाळ्याचा मुलूख. वडील होते तोवर कुटुंब दर वर्षी कुशला यायचं. वडील गेल्यावर ते बंद झालं. 'नोरा वेबस्टर'मध्ये नवरा गेलेली नोरा सगळ्यात आधी काय करते, तर कुशचं घर विकते. मुलांना विचारत नाही. टोबीनच्या आईवर ती कादंबरी बेतलेली आहे आणि लिहायला त्याला दहाहून जास्त वर्षं लागली, २००० च्या सुमारास सुरुवात आणि प्रकाशन २०१४ मध्ये. 'ब्रुकलिन'चं बीजही त्याच घरातलं. वडील गेल्यानंतर सांत्वनाला लोक यायचे, त्यातली एक बाई येऊन बसली आणि सगळा वेळ आपल्या ब्रुकलिनला गेलेल्या मुलीबद्दलच बोलत राहिली. बारा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात ऐकत होता. चाळीस एक वर्षांनी, टेक्ससमध्ये शिकवायला गेलेला असताना, घराची आठवण येत असताना, त्यानं त्यातून पुस्तक काढलं. 'नोरा वेबस्टर'च्या पहिल्याच प्रकरणात ती बाई येते, मे लेसी, आयलिशची आई.

हे मी कारमध्ये आईला सांगत होते. ती म्हणाली, "मग तिनं दुसरं काय बोलायचं? तिच्या घरात बोलायला तेवढंच उरलेलं." मी इतकी वर्षं त्या बाईला आपलंच दुःख घेऊन बसलेली बाई समजत होते. भाऊ गाडी चालवत होता, तो काही बोलला नाही, आणि आईनंही स्ट्रॉबेरीचा खोका पुढे करून विषय बदलला.

कुशला अरुंद गल्ली सरळ समुद्राकडे जाते आणि संपते. संपते म्हणजे अक्षरशः, पुढे जमीन नाही. हा कडा खडकाचा नाही, मऊ मातीचा आहे, आणि समुद्र तो वर्षानुवर्षं खातोय. शेताच्या कुंपणाचा एक खांब कड्याबाहेर लोंबत होता, तारेला अडकून, खाली हवा. बाजूला ताज्या कोसळलेल्या मातीचा ढीग, त्यात गवताचे गड्डे अजून हिरवे. 'द हेदर ब्लेझिंग'मध्ये याच किनाऱ्यावरची घरं एकेक करून समुद्रात जातात, आणि ते न्यायाधीशाच्या आयुष्याशी असं गुंतवलंय की मला वाचताना ते जरा जास्तच जुळवून आणलेलं वाटलं होतं. तो लोंबता खांब बघून ते मत मी मागे घेतलं. त्यानं जुळवलेलं नाही, समोर होतं ते लिहिलंय. टीप: कड्याच्या कडेला जाऊ नका, वरून घट्ट दिसते पण खालून पोकळ असते. खाली उतरायचं तर भरती ओहोटी बघून.

मग कराक्लो. मैलोन् मैल वाळू, मागे वाऱ्यानं झुलणाऱ्या गवताच्या टेकड्या. 'ब्रुकलिन'वरच्या २०१५ च्या सिनेमात सर्शा रोननची आयलिश इथेच येते, आणि किनारा जवळजवळ रिकामा असतो, आधी दाखवलेल्या न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावरच्या गर्दीच्या अगदी उलट. बँक हॉलिडेला आम्ही बघितलं ते असं की पार्किंगला जागा नाही, आईस्क्रीमची रांग, रंगीत तंबू, पोरांचा आरडाओरडा, आणि बारा तेरा अंशांच्या पाण्यात आज्याही पोहतायत. पण दक्षिणेला रेव्हन म्हणून राखीव पाइनचं जंगल आहे, तिकडे वीस मिनिटं चाललं की माणूस नाही. आई चपला हातात घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत गेली आणि तशीच ओरडत परत आली. मी आणि भाऊ मग गुडघ्यापर्यंत गेलो.

मंगळवार, न्यू रॉस

डब्लिनला परतताना थोडा वळसा घेऊन न्यू रॉसला गेलो. धक्क्यावर डनब्रोडी नावाचं जहाज उभं आहे, १८४५ सालच्या मूळ जहाजाची हुबेहूब प्रतिकृती. तिकीट म्हणून खऱ्या प्रवाशाच्या नावाचा कागद हातात देतात, मग वेषभूषा केलेले नट खाली तळात घेऊन जातात. ही जहाजं मुळात लाकूड वाहण्याची. कॅनडातून इमारती लाकूड भरून आयर्लंडला यायची, आणि परत जाताना रिकामी कशाला न्यायची म्हणून त्यात माणसं भरायची. लाकूड काढून फळ्यांच्या माच्या ठोकायच्या, एका माचीवर अख्खं कुटुंब. स्वयंपाक फक्त डेकवर, तोही हवा बरी असेल तर. वादळात झाकण बंद, म्हणजे दिवसरात्र अंधार. मी त्या माचीवर बसून बघितलं, पाय पूर्ण पसरता आले नाहीत. आईला जिना उतरायला त्रास झाला, पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा, तिथलं प्रदर्शनही चांगलं आहे.

केनेडीचे पणजोबा पॅट्रिक याच भागातून, डंगनस्टाउनहून, दुष्काळाच्या वर्षांत बॉस्टनला गेले. १९६३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी या धक्क्यावर येऊन बोलून गेला, तिथे त्याचा पुतळा आहे. नट मंडळींनी 'अमेरिकन वेक'बद्दल सांगितलं ते मात्र मला सगळ्यात लागलं. मूल अमेरिकेला निघायच्या आदल्या रात्री घरात लोक जमायचे, गाणी, नाच, दारू, आणि पहाटेला रडारड, जसं मयताच्या घरी रात्रभर जागतात तसं. कारण परत भेट होणार नाही हे दोन्हीकडच्यांना माहीत असायचं.

टोबीनची आयलिश शंभर वर्षांनंतरची. ती डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून मोठ्या बोटीनं न्यूयॉर्क, केबिनमध्ये, आणि पत्र जातं येतं. तिला परत येता येतं, आणि तेच तिचं संकट. डनब्रोडीवरच्या माणसांना निवडच नव्हती, हिला आहे, आणि टोबीन तिला दोन्ही घरांत उभं करून बघत राहतो. म्हणून मला तो दुष्काळावर लिहिणाऱ्यांपेक्षाही जवळचा वाटतो. आज आपल्याकडच्यांचंही हेच आहे, विमानाचं तिकीट फोनवर निघतं.

शेवटी वाचायचा क्रम, कारण परत आल्यावर तिघांनी तरी विचारला. जायच्या आधी 'ब्रुकलिन' वाचा. एनिसकॉर्थीत असताना रात्री 'नोरा वेबस्टर', ती सावकाश वाचायची आहे, घाई केलीत तर काहीच घडत नाही असं वाटेल. कुशला जाणार असाल तर 'द हेदर ब्लेझिंग' आणि 'द ब्लॅकवॉटर लाइटशिप', दुसरीत आजी, आई आणि नात त्याच किनाऱ्यावरच्या एका घरात एकत्र येतात, आजारी भावासाठी. 'लाँग आयलंड' २०२४ ची, तीत आयलिश वीस वर्षांनी गावी परतते. ती आधी कोणी हातात दिली तरी उघडू नका, 'ब्रुकलिन'चा शेवट तिच्या सुरुवातीलाच फुटतो.